हापूसच्या बुंध्याला दोनशे मिलिवॅट

या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राने माझे चार दिवस आणि एक तांब्याची कॉइल खाल्ली, त्यामुळे बाकीच्यांनी थोडी कळ काढावी.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. झाड दिवसभरात किती पाणी ओढतं ते मोजायला मी एका कलमाच्या खोडात दोन सुया बसवल्या आहेत. वरच्या सुईला सतत ०.२ वॅट उष्णता द्यायची आणि खालच्या सुईशी तापमानाचा फरक मोजायचा. पाणी जोरात चढलं की वरची सुई थंड होते. हीटर मी जुन्या रिलेच्या कॉइलमधल्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचा गुंडाळला आहे, २० ओहमचा. त्याला १०० मिलिअँपिअर स्थिर करंट देतो. पण दुपारी तार तापते, रेझिस्टन्स वाढतो आणि पॉवरही वाढते. स्थिर पॉवर मिळावी म्हणून एडी ६३३ हा गुणाकार करणारा आयसी घेऊन सर्किट काढलं आहे, ते सोबत जोडतो. मित्र म्हणतो, अर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड लाव. सर, दोन्हीतलं बरोबर कुठलं? आणि रेझिस्टन्स याहून खूप बदलणारा असेल तर काय करायचं?

उत्तर : अरे, आधी ते ‘सर’ सोड. मी वर्गात कधी शिकवलं नाही. चाळीस वर्षं रत्नागिरीत रेडिओ, टीव्ही आणि मिरकरवाड्याच्या बोटींवरचे बिनतारी संच उघडून बसलोय. तुझं सर्किट मी दोनदा तपासलं. जोडणीत चूक नाही. तरीही ते बांधू नकोस.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. दोन सुयांची ही पद्धत आंद्रे ग्रानिए या फ्रेंच संशोधकाने १९८५ साली मांडली. सुई २० मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, हीटरला ०.२ वॅट. रात्री झाड पाणी ओढत नाही, तेव्हा दोन सुयांमधला फरक सगळ्यांत जास्त असतो. दिवसा रस वाहायला लागला की तो कमी होतो. रात्रीच्या फरकातून आत्ताचा फरक वजा करायचा, त्याला आत्ताच्या फरकाने भागायचं आणि येणाऱ्या आकड्याचा १.२३१ वा घात घ्यायचा. रसाचा वेग त्या प्रमाणात असतो. मूळ सुईत कॉन्स्टंटनची तार असते. तांबं आणि निकेलची ही मिश्रधातू तापली तरी तिचा रेझिस्टन्स जवळजवळ हलत नाही, म्हणून तिला स्थिर करंट दिला तरी भागतं. तू तांबं घेतलंस. गोम तिथे आहे.

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. थंडीत पहाटे तुमच्याकडे पारा सतरा-अठरावर असतो, दुपारी तेहतीस-चौतीस. म्हणजे सोळा अंश हवेचे. दुपारी रस सुईला थंड करतो, म्हणून त्यातले तीन-चार सोडून दे. उरले बारा-तेरा. रेझिस्टन्स पाच टक्क्यांनी वाढला, करंट ठाम, म्हणून पॉवरही पाच टक्क्यांनी वाढली.

पाच टक्क्यांनी काय होतंय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं होतं. मग पाटीवर हिशेब मांडला. समज, रात्रीचा फरक १० अंश आणि दुपारचा खरा फरक ६ अंश. भागाकार आला ०.६६७. आता पॉवर पाच टक्के जास्त, म्हणून सुई ६ ऐवजी ६.३ दाखवणार. भागाकार झाला ०.५८७. त्याचा घात घेतला की रसाचा वेग खऱ्यापेक्षा जवळजवळ १५ टक्के कमी येतो. म्हणजे भर दुपारी झाड सगळ्यांत जास्त पीत असताना तुझी वही सांगणार की ते जरा दमलंय. तेव्हा तुझी तक्रार खरी आहे, आणि ती तुझी तुला दिसली याचं मला कौतुक वाटतं.

आता तुझा आयसी. एडी ६३३ दोन व्होल्टेजचा गुणाकार करून त्याला दहाने भागून देतो. तुझ्या हीटरवर २ व्होल्ट. करंट मोजायला तू १ ओहमचा रेझिस्टर घातलास, त्यावर ०.१ व्होल्ट. गुणाकार ०.२, भागिले दहा, म्हणजे ०.०२. वीस मिलिव्होल्ट! या आयसीच्या इनपुटला काहीही न देता आउटपुटवर पाचेक मिलिव्होल्ट असतातच, आणि कंपनीने दिलेली मर्यादा त्याच्या दसपट आहे. पाच टक्क्यांचा आजार घालवायला तू पंचवीस टक्के चुकणारा वैद्य बोलावतोयस. शिवाय त्याला अधिक-उणे असा दुहेरी सप्लाय लागतो, किमान आठ-आठ व्होल्टचा. बागेत तो कुठून आणणार?

मित्राच्या अर्डुइनोचीही तीच गत. दहा बिटचा मोजणारा, पाच व्होल्टचे १०२४ भाग. एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. तुझ्या १ ओहमवरचे १०० मिलिव्होल्ट म्हणजे फक्त वीस पायऱ्या, म्हणजे एकेक पायरी पाच टक्क्यांची. बाजारात मिळणारा करंट मोजायचा सेन्सर, पाच अँपिअरचा एसीएस ७१२, लावलास तर चारच पायऱ्या. आधी सिग्नल मोठा करून, संदर्भ व्होल्टेज बदलून हे सुधारता येईल, नाही असं नाही. पण एवढा खटाटोप कशाला?

हे बघ. स्थिर करंट दिला तर रेझिस्टन्स वाढल्यावर पॉवर वाढते. स्थिर व्होल्टेज दिलं तर रेझिस्टन्स वाढल्यावर पॉवर कमी होते. एक वर ओढतो, एक खाली. मग या दोघांच्या मध्ये एक जागा असणारच, जिथे ती ना वर जाते ना खाली. ती जागा अशी : स्थिर व्होल्टेज घ्यायचं आणि हीटरच्या सिरीजला हीटरएवढाच रेझिस्टर घालायचा. झालं तुझं स्थिर पॉवरचं सर्किट. एक रेझिस्टर.

लोडचा, म्हणजे वीज खाणाऱ्याचा (इथे हीटरचा), आणि स्रोताचा रेझिस्टन्स सारखा असला की लोडला जास्तीत जास्त पॉवर मिळते, हे पुस्तकात असतं. नियम मोरिट्झ याकोबीच्या नावाचा, साधारण १८४० चा. या गृहस्थाने १८३८ साली नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवली होती, म्हणून तो मला आपल्यातला वाटतो. पण हा नियम शिकवताना सगळे ‘जास्तीत जास्त’ या शब्दावर थांबतात. मला त्यातलं दुसरंच आवडतं. आपल्याकडे डोंगर चढून वर गेलास की शेंडा नसतो, सडा असतो, सपाट पठार. सड्यावर दहा पावलं इकडे चाल नाहीतर तिकडे, उंची बदलत नाही. इथेही तसंच आहे. हीटर २० चा २१ ओहम झाला, म्हणजे तुझे ते पाच टक्के, तर पॉवर किती बदलते? ०.०६ टक्के. दहा टक्के बदलला तर ०.२३ टक्के. एवढं अचूक मोजणारं मीटर तुझ्या कॉलेजातही नसेल.

खात्री म्हणून मी टेबलावर करून पाहिलं. कॉइल परीक्षानळीत घातली, नळी आधी माठातल्या पाण्यात आणि मग चहाच्या पातेल्यात. रेझिस्टन्स बारा टक्क्यांनी चढला. पॉवर अर्ध्या टक्क्याच्या आत राहिली. पातेलं का घेतलं यावरून घरात जे झालं ते या सदराच्या कक्षेत येत नाही.

तुझे आकडे असे. एलएम ३१७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी घे, ४ व्होल्टला लाव : वर २४० ओहम, खाली ४७० ओहम आणि सिरीजला १०० ओहमचा प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. तिथून सिरीज रेझिस्टर, मग हीटर. एकूण ४० ओहम, करंट ०.१ अँपिअर, हीटरवर ०.२ वॅट. आता हा सिरीज रेझिस्टर २० चा घेऊ नकोस, १८ चा घे. तुझ्या पंपाच्या खोलीपासून कलमापर्यंत पंचवीस मीटर वायर आहे असं तू लिहिलंस. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन पन्नास मीटर, तिचेच जवळजवळ दोन ओहम होतात. ते तुझ्या वीसमध्ये मोजून टाक. नुसतं स्थिर व्होल्टेज दिलं असतंस तर याच वायरने तुझा घात केला असता. इथे ती कामाला लागते. रेझिस्टर एक वॅटचा, मेटल फिल्मचा घे, म्हणजे तो स्वतः तापून हलणार नाही. अगदी तंतोतंत जुळवत बसू नकोस. हीटर २२ चा निघाला आणि बाकी २० च राहिलं, तरी पाच टक्क्यांच्या बदलाला पॉवर पाव टक्काच हलते.

यात अर्धी पॉवर वाया जाते, हे मला कुणीतरी लिहून कळवणारच. जाते. शिवाय बारातले आठ व्होल्ट एलएम ३१७ मध्येच जिरतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून १.२ वॅट घेऊन सुईला ०.२ देणं हा काही शहाण्यासारखा व्यवहार नाही. दिवसाला २.४ अँपिअर-अवर, म्हणजे सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांवर धरू नये. दहा वॅटचं सोलर पॅनल लाव आणि विसरून जा. वीस कलमांवर करणार असशील तेव्हा पुन्हा लिही, मग वेगळा विचार करू.

बागेतल्या दोन गोष्टी. खोडाला भोक पाडलंस म्हणजे खोडकिडीला आमंत्रण दिलंस. सुईच्या भोवती मेण भर, साल उघडी ठेवू नकोस. बोर्डो पेस्ट लावशील तर वायरच्या सांध्यापासून लांब, ती ओली असताना वीज वाहते. सुयांवर सकाळचं तिरपं ऊन पडू देऊ नकोस. चकचकीत फॉइलचं पागोटं बांध, नाहीतर तू रस मोजण्याऐवजी सूर्य मोजशील. आणि सांधे सगळे सोल्डरचे. पीळ मारून चिकटपट्टी नको. देवगडचा खारा वारा एका पावसाळ्यात पीळ हिरवा करतो, आणि मग तुझ्या १८ ओहमचे किती ओहम झाले ते देव जाणे. वळवाच्या दिवसांत विजा चमकायला लागल्या की खोलीतल्या टोकाला वायर काढून ठेव.

तुझा दुसरा प्रश्न, रेझिस्टन्स खूप बदलणारा असेल तर. निम्मा किंवा दुप्पट होईपर्यंत वरचीच युक्ती चालते, फक्त सड्याची कड लागते : दोन्ही टोकांना पॉवर ११ टक्के उतरते. अर्धी पॉवर जाळायची नसेल तर तोच रेझिस्टर खोटा खोटा बनवायचा. व्होल्टेज बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरला आउटपुट किती आहे ते कळवायला, म्हणजे फीडबॅकला, नुसतं व्होल्टेज देतात, तिथे व्होल्टेजचा एक हिस्सा आणि करंटचा एक हिस्सा अशी बेरीज द्यायची. मधल्या बिंदूला दोन्ही हिस्से सारखे ठेवायचे. कन्व्हर्टर बेरीज स्थिर ठेवतो. आपल्याला हवा असतो गुणाकार, पण त्या बिंदूच्या आसपास बेरीज सांभाळली की गुणाकारही सांभाळला जातो. आकडे रेझिस्टरवाले तेच येतात, उष्णता मात्र नाही. एक ऑप-अँप, चार रेझिस्टर.

त्याहून मोठ्या बदलाला माझी आवडती तऱ्हा आहे ती रहाटाची. रहाटाच्या प्रत्येक लोट्यात सारखंच पाणी मावतं. मिनिटाला किती लोटे वर आले ते ठरलेलं असेल तर पाटाला पाणी तेवढंच जाणार, मग पाट अरुंद असो की रुंद. कॉइलमध्येही तसंच. ठरलेल्या करंटपर्यंत ती भरायची आणि सगळी लोडमध्ये ओतायची. एका खेपेची ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, त्याच्या निम्मी. २५ मायक्रोहेन्रीची कॉइल ८ अँपिअरपर्यंत भरली की ०.८ मिलिज्यूल. सेकंदाला तीस हजार खेपा केल्या की २४ वॅट. गुणाकार करणारा आयसी नको, लोडकडे बघायलाही नको. बॅटरी ११ व्होल्टवर आली तरी लोटा तेवढाच, फक्त भरायला वेळ जास्त. अट एकच : पुढची खेप भरायच्या आधी लोटा पूर्ण रिकामा झाला पाहिजे.

मात्र हा रहाट लोडकडे बघत नाही, हाच त्याचा दुर्गुण. १९९४ च्या पावसाळ्यात मी एका ओळखीच्या बोटीसाठी असंच सर्किट केलं होतं. बिनतारी संचाची पेटी कोरडी ठेवायला आत छोटा हीटर, बोटीची बॅटरी कधी ११ तर इंजिन चालू असताना साडेचौदा, म्हणून स्थिर पॉवर. टेबलावर आठवडाभर चाललं. बोटीवर चौथ्या दिवशी हीटरचा सांधा हिरवा होऊन सुटला. लोड नाही, आणि सर्किट मात्र इमानाने २४ वॅट ओततच राहिलं. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा, ६३ व्होल्टचा कपॅसिटर होता. नंतर हिशेब केला : तो ६३ व्होल्टपर्यंत भरायला आठ मिलिसेकंद पुरतात. बार उडाला तेव्हा तांडेलाला वाटलं इंजिनात काहीतरी फुटलं. संचाच्या पेटीत कपॅसिटरच्या कागदाचा कापूस झाला होता, आणि तो मी चिमट्याने तासभर वेचत होतो.

स्थिर पॉवरच्या कुठल्याही सर्किटला हे लागू आहे. लोड सुटला तर ते व्होल्टेज वाढवत नेतं, शॉर्ट झाला तर करंट. तेव्हा दोन्ही बाजूंना कुंपण आधी घाल, पॉवरचं नंतर बघ. तुझ्या एका रेझिस्टरवाल्या सर्किटमध्ये हे कुंपण आपोआप आहे : वायर तुटली तर ४ व्होल्ट, शॉर्ट झाली तर ०.२ अँपिअर, याच्या पुढे काही नाही. त्याची बाजू मी एवढी घेतोय त्याचं हेही एक कारण.

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात शिक्षिका आहे. माशांच्या पेट्यांचं जुनं थर्माकोल नायक्रोमच्या गरम तारेने कापून मुलांबरोबर किल्ल्यांच्या प्रतिकृती करते. माझ्याकडे एक फुटाचं आणि दोन फुटांचं अशी दोन धनुष्यं आहेत. १२ व्होल्टवर लहान धनुष्य लाल होतं, मोठं कापतच नाही. दोन्हींना सारखी पॉवर मिळेल असं सर्किट सुचवाल का?

उत्तर : बाई, सारखी पॉवर मागू नका, फसाल. तार दुप्पट लांब आणि पॉवर तेवढीच, म्हणजे प्रत्येक इंचाला निम्मीच मिळणार. आत्ता १२ व्होल्टवर तर ती पाव मिळतेय. तुम्हाला हवी आहे दर इंचाला सारखी पॉवर, आणि ती स्थिर करंटने मिळते. तार कितीही लांब असो, त्याच जाडीची असली आणि करंट तोच असला की ती सारखीच तापते.

करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधून देणारं, दोन प्रीसेटचं एक्सएल ४०१५ चं तयार मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. त्याला २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर द्या, तीन अँपिअरचा. तुमची तार ०.३ मिलिमीटरची असेल तर दोन अँपिअरच्या जवळपास सुरुवात करा आणि थर्माकोल लोण्यासारखं कापलं जाईल तिथे थांबा. तार लाल दिसता कामा नये. लाल म्हणजे धूर, आणि तो धूर मुलांच्या नाकात जायला नको. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला भरपूर वळणं आहेत, त्याला लहान धनुष्यच बरं पडेल.

प्रश्न : गुहागरला आमच्या घरामागच्या माचावर बसून मी काम करतो. घरातल्या १२ व्होल्टच्या सोलर बॅटरीपासून दीड चौरस मिलिमीटरची वायर माचापर्यंत नेली आहे, वीसेक मीटर. लॅपटॉपला गाडीतला चार्जर जोडतो, ६० वॅटचा. सकाळी छान चालतो. संध्याकाळी बॅटरी ११ वर आली की चार्जर एकदम टिकटिक करत बंद-चालू होतो. त्याच वायरवर बल्ब मात्र नुसता मंद होतो. चार्जर बिघडला का?

उत्तर : चार्जर ठणठणीत आहे, वायर बारीक आहे. पहिल्या पत्रात स्थिर पॉवर देणारं सर्किट होतं, तुमचा चार्जर स्थिर पॉवर मागणारा आहे. बल्बला व्होल्टेज कमी पडलं तर तो करंटही कमी घेतो, समजूतदार असतो. चार्जरला व्होल्टेज कमी पडलं तर तो साठ वॅट पुरे करायला जास्त करंट ओढतो. त्याने वायरमध्ये आणखी व्होल्ट पडतात, म्हणून तो आणखी ओढतो.

तुमच्या वायरचा, जाऊन-येऊन चाळीस मीटरचा, रेझिस्टन्स अर्धा ओहम धरा. बॅटरी १२ व्होल्ट असताना चार्जरपाशी साडेआठ व्होल्टही पोचत नाहीत, तरी तो सात अँपिअर ओढून निभावतो. या वायरमधून जास्तीत जास्त किती पॉवर पलीकडे जाऊ शकते, तर व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्सची चौपट. बारा व्होल्टला ७२ वॅट. अकराला साडेसाठ. त्याच्या किंचित खाली गेलात की साठ वॅट पलीकडे नेणं त्या वायरला शक्यच नाही. चार्जर कोसळतो, व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा सुरू होतो, पुन्हा कोसळतो. ती तुमची टिकटिक.

चार चौरस मिलिमीटरची वायर टाका. मग बारा व्होल्टला चार्जरपाशी अकरा पोचतील आणि अकराला जवळजवळ दहा. नवी वायर महाग वाटत असेल तर एक छोटी बॅटरी माचावरच ठेवा आणि जुन्या वायरने ती दिवसभर सावकाश भरू द्या. बॅटरीजवळ फ्यूज मात्र दोन्हीकडे लावा, आणि माचावरची बॅटरी पावसाच्या ओलीपासून वर, फळीवर ठेवा.